संत्रा प्रक्रिया केंद्र: यंत्राची क्षमता ठरवण्याआधी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोल तालुक्यात आपल्या कुटुंबाची १२ एकर संत्र्याची बाग आहे. चुरीला, म्हणजे बारीक फळांना, नागपूरच्या कळमना बाजारात भाव मिळत नाही, म्हणून गावातच रस, स्क्वॅश आणि कॉन्सन्ट्रेट (आटवलेला रस) तयार करण्याचा कारखाना टाकावा असा विचार आहे. एका विक्रेत्याने ताशी १ टन फळ हाताळणाऱ्या संपूर्ण लाइनचे कोटेशन दिले आहे. ते स्वीकारावे का, आणि स्वीकारल्यास पुढे कोणत्या अडचणी येतील, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी गेली २४ वर्षे हिंगणा, बुटीबोरी आणि कळमेश्वर येथील अन्नप्रक्रिया कारखान्यांत यंत्रे बसवण्याचे, चालवून देण्याचे आणि बंद पडली की पुन्हा सुरू करण्याचे काम करते आहे. या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे आहे की हे कोटेशन आज स्वीकारू नये, आणि त्याची कारणे आपल्या बागेतच आहेत.

पहिले कारण साध्या हिशेबाचे आहे. एकरी ४ टन उत्पादन धरले तर १२ एकरांतून ४८ टन संत्री मिळतील. त्यातली चांगली, मोठी, डागविरहित फळे आपण बाजारातच विकणार आणि विकावीतही, कारण खाण्याच्या फळाला जो दर मिळतो तो रसाच्या फळाला कधीही मिळत नाही. प्रक्रियेसाठी उरते ती चुरी आणि डागी फळे. ती एकूण मालाच्या चौथा हिस्सा मानली तर १२ टन झाली. ताशी १ टनाची लाइन आठ तास चालली की ८ टन फळ संपवते. म्हणजे आपल्या स्वतःच्या मालावर हा कारखाना वर्षातून दीड दिवस चालेल. हा हिशेब विक्रेता मांडत नाही, कारण त्याला यंत्राची क्षमता विकायची असते. तो आपणच मांडायला हवा.

आता असे समजू की आपण आसपासच्या बागायतदारांची शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली आणि २०० एकरांवरची चुरी आपल्याकडे यायला लागली. याच प्रमाणाने ती २०० टन होते. उन्हाळ्याआधी फुलणाऱ्या आंबिया बहाराचे फळ नोव्हेंबर-डिसेंबरात आणि पावसाळ्यात फुलणाऱ्या मृग बहाराचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. पण एखाद्या वर्षी मृग फुटतच नाही, एखाद्या वर्षी फळगळ होते, त्यामुळे कामाचे दिवस ८० च्या वर धरणे धाडसाचे ठरेल. २०० टन भागिले ८० म्हणजे दिवसाला अडीच टन, म्हणजेच ताशी ३०० ते ३५० किलो. ताशी ५०० किलोची लाइन या सगळ्याला पुरून उरते. जास्त क्षमतेचे यंत्र अर्ध्या भारावर चालवता येईल असे आपल्याला सांगितले जाईल, पण पाश्चरायझर, म्हणजे रस टिकावा म्हणून तो तापवणारा भाग, ठरावीक प्रवाहासाठीच बनवलेला असतो. प्रवाह कमी केला की रस गरजेपेक्षा जास्त वेळ तापतो, त्याला शिजल्याचा वास येतो, आणि धुण्यासाठी लागणारे पाणी, कॉस्टिक सोडा आणि वाफ मात्र पूर्ण क्षमतेएवढीच लागते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते नागपुरी संत्र्याच्या स्वभावाशी निगडित आहे. परदेशी रस उद्योग ज्या फळावर उभा राहिला ते व्हॅलेन्सियासारखे घट्ट सालीचे संत्रे आहे आणि रस काढण्याची बहुतेक मोठी यंत्रे त्याच फळाच्या मापाने घडवलेली आहेत. आपले संत्रे पोकळ सालीचे. ते यंत्राच्या वाटीत नीट बसत नाही, दाबाखाली सरकते, साल चुरडली जाते आणि सालीतले तेल रसात उतरते. स्क्रू पद्धतीच्या यंत्रात अख्खे फळ घातले तर हीच गोष्ट आणखी मोठ्या प्रमाणावर होते. या आकाराच्या कारखान्यासाठी मी आजही फळ थोडा वेळ गरम पाण्यातून काढून हाताने सोलण्याच्या आणि फक्त फोडी यंत्रात घालण्याच्या बाजूची आहे. त्याने मजुरी वाढते हे मला मान्य आहे. पण रसाची चव सुधारते आणि गावातल्या बायकांना हंगामभर काम मिळते, आणि या दोन्हींना माझ्या हिशेबात किंमत आहे.

सालीच्या तेलापेक्षाही अवघड आहे तो कडवटपणा. संत्र्याच्या बियांत, फोडींच्या पडद्यांत आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या थरात एक चव नसलेला पदार्थ असतो. फळ अखंड असते तोवर तो निरुपद्रवी असतो. पण ऊतक फाटून तो आंबट रसात मिसळला की त्याचे हळूहळू लिमोनिनमध्ये रूपांतर होते, आणि लिमोनिन अतिशय कडू असते. दहा लाख भागांत साधारण ६ भाग एवढे लिमोनिन झाले तरी जिभेला कळते. हे रूपांतर काही तासांत होत राहते आणि उष्णतेने त्याला वेग येतो. त्यामुळे ताजा काढलेला रस गोड लागतो आणि तोच रस पाश्चराइज करून ठेवला की कडू होतो.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण मला ते समजले नागपूरजवळच्या एका कारखान्यात, पहिल्याच चाचणीच्या दिवशी. सकाळी अकराच्या सुमारास फिनिशरच्या, म्हणजे रसातला चोथा जाळीतून गाळणाऱ्या यंत्राच्या, तोंडाशी स्टीलचा पेला धरून आम्ही सगळ्यांनी रस चाखला. रंग सुरेख होता, गोडी होती, मालकांनी पेढे मागवले. दोनशे लिटर रस टाकीत भरून दुसऱ्या दिवशीच्या बाटलीभरणीसाठी थंड ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच रस तोंडात धरवेना, इतका कडू झाला होता. टाकी नीट धुतली गेली नसेल असे समजून आम्ही ती दोनदा कॉस्टिकने धुतली, पाणी तपासले, नवा माल आणला, आणि नवा रसही दुसऱ्या दिवशी कडूच निघाला. तिसऱ्या दिवशी मी फिनिशरची जाळी स्वतः काढली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूला चिकटलेल्या चोथ्यात अर्ध्या चिरलेल्या बिया दिसल्या. पांढरा गर उघडा पडला होता. फिनिशरची पाती जाळीच्या फार जवळ बसवलेली होती आणि फेरे जास्त ठेवलेले होते, कारण रसाचा उतारा वाढवून दाखवण्याची घाई होती. पातीचे अंतर वाढवले, फेरे कमी केले, उतारा दोन-तीन टक्क्यांनी घसरला आणि कडवटपणा बऱ्याच अंशी गेला.

म्हणून आपल्या कोटेशनमध्ये जिथे रसाचा उतारा ठळक अक्षरांत लिहिला आहे, तिथेच मला सर्वांत जास्त शंका येते. नागपुरी संत्र्यातून ४० ते ४५ टक्के रस निघतो हे वाजवी आहे. त्यापलीकडचा उतारा बहुतेक वेळा पडदे आणि बिया पिळून येतो. कडवटपणा काढण्यासाठी रेझिनचे स्तंभ मिळतात, त्यांतून रस गाळला की लिमोनिन शोषले जाते आणि ही पद्धत उत्तम आहे. पण त्याआधी रसातला गर वेगळा करावा लागतो, रेझिन वेळोवेळी पूर्ववत करावे लागते, आणि ते सांभाळणारा प्रशिक्षित माणूस हवा. दिवसाला १ टन रसाच्या कारखान्याला मी ते सुचवत नाही. पूर्ण पिकलेलेच फळ घ्यावे, कारण हंगामाच्या सुरुवातीच्या कच्च्या फळात हा पदार्थ जास्त असतो. मऊ दाबाने रस काढावा. चोथा आणि बिया लगेच वेगळ्या कराव्यात, आणि रस टाकीत रेंगाळू देऊ नये. झाडाखाली पडलेले फळ स्वस्त मिळते म्हणून कुणी आणून देईल, ते दारातूनच परत पाठवावे. पडलेल्या फळातली बुरशी धुऊन जात नाही.

यानंतरच्या यंत्रांविषयी थोडक्यात सांगते, मात्र दोन ठिकाणी थांबावे लागेल. संत्र्याच्या रसाच्या पाश्चरायझेशनचे तापमान जंतूंपेक्षा एका विकरामुळे (एन्झाइममुळे) ठरते. पेक्टिनवर काम करणारे हे विकर जिवंत राहिले तर रसाचा दुधाळपणा जातो, वर पाणी आणि खाली साका असे दोन थर होतात, आणि गिऱ्हाईक ती बाटली खराब समजते. ते नष्ट करायला ९० अंशांच्या वर काही सेकंद तापवावे लागते. गर असलेल्या रसासाठी नळीचा पाश्चरायझर घ्यावा. प्लेटचा स्वस्त पडतो, पण प्लेटांच्या फटीत गर अडकतो आणि रोज उघडून घासावा लागतो.

पहिली थांबण्याची जागा म्हणजे गॅस्केट, नळ्यांच्या सांध्यातून गळती होऊ नये म्हणून बसवलेली कडी. आपल्या कोटेशनमध्ये सर्व सांध्यांना ईपीडीएम रबराचे गॅस्केट असे लिहिले आहे. वाफेला आणि कॉस्टिकला हे रबर चांगले टिकते, दुधाच्या कारखान्यात मीही तेच वापरते. पण संत्र्याच्या सालीतल्या तेलात लिमोनिन नव्हे, लिमोनीन नावाचा वेगळाच पदार्थ असतो, आणि तो या रबराला फुगवतो. गॅस्केट सांध्यातून बाहेर येऊ लागते, मऊ पडते, त्याचे काळे कण रसात उतरतात. रस जिथून जातो त्या सांध्यांना टेफ्लॉन किंवा व्हिटॉनचे गॅस्केट लेखी मागून घ्यावे. फरक काही हजारांचा आहे आणि तो पहिल्याच हंगामात वसूल होतो.

दुसरी जागा म्हणजे वेल्डिंग. कोटेशनमध्ये ‘एसएस ३०४’ असा स्टेनलेस स्टीलचा दर्जा लिहिलेला असतो आणि आपण निर्धास्त होतो. संत्र्याच्या रसाला ३०४ चालते. मिठाचे लोणचे किंवा सल्फाइटयुक्त माल करायचा असेल त्या टाक्यांना मॉलिब्डेनम असलेले ३१६ घ्यावे, कारण मिठाने ३०४ ला बारीक खड्डे पडतात. पण धातूचा दर्जा कितीही चांगला असला तरी नळ्यांचे जोड आतून खडबडीत असतील तर त्याचा उपयोग नाही. एका मे महिन्यात आंब्याच्या गराच्या बाटल्या आंबून झाकणे उडू लागली म्हणून मला बोलावण्यात आले होते. प्रयोगशाळेचे अहवाल, पाण्याचे नमुने, सारे ठीक होते. शेवटी पाश्चरायझरच्या पुढच्या नळीचा एक बाक (वळण) उघडून मी आत बोट फिरवले. वेल्डिंगचा उंचवटा बोटाला करवतीसारखा लागला आणि त्याच्या मागच्या खोबणीतून काळसर, आंबट वासाची बुळबुळीत साय बोटावर आली. पाश्चराइज झालेला गर त्या सायीवरून वाहत बाटलीत जात होता. आर्गॉन वायू आतून सोडून केलेले टिग वेल्डिंग असावे, आतला जोड गुळगुळीत करून द्यावा, आणि नळीला प्रवाह पोहोचणार नाही अशी आंधळी टोके कुठेही असू नयेत, हे खरेदीच्या करारात लिहून घ्यावे. यंत्र घेण्याआधी विक्रेत्याच्या कारखान्यात जावे, दोन बाक उघडायला लावावेत आणि आत बोट घालून पाहावे. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

कॉन्सन्ट्रेटचा विचार मात्र आपण सध्या सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. समजा १,००० किलो रस आहे आणि त्याचे ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचे शेकडा प्रमाण, ११ आहे. तो ६० ब्रिक्सपर्यंत आटवायचा तर हाती सुमारे १८३ किलो माल येतो आणि ८१७ किलो पाणी वाफ करून उडवावे लागते. एकाच टप्प्याच्या बाष्पकाला (रस आटवणाऱ्या यंत्राला) तेवढ्याच, किंबहुना थोड्या जास्त वजनाची वाफ बॉयलरमधून द्यावी लागते. उघड्या कढईत हे केले तर रंग तपकिरी होतो, सुगंध उडून जातो आणि कडवटपणा आटलेल्या मालात एकवटतो. निर्वात बाष्पक, तोही दोन-तीन टप्प्यांचा, घेतला तरच इंधन परवडते. पण ते यंत्र मोठ्या मालासाठी आणि अखंड चालण्यासाठी असते. नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात पतंजलीचा मोठा प्रकल्प मार्च २०२५ मध्ये सुरू झाला आहे. अशा प्रकल्पांशी कॉन्सन्ट्रेटच्या दरात स्पर्धा करणे गावातल्या कारखान्याला जमणारे नाही, आणि तेही चुरी खरेदी करणार असल्याने कच्च्या मालाचा दर आजच्या इतका खाली राहील असे गृहीत धरू नये. स्क्वॅश, सरबत, मार्मालेड आणि थेट पिण्याचा रस यांत मूल्यवृद्धी जास्त आहे. मानकांप्रमाणे स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस आणि ४० ब्रिक्स, तर तयार पेयात किमान १० टक्के फळाचा रस लागतो. आपल्याकडे स्वतःचे फळ आहे, तेव्हा या किमानपेक्षा जास्त रस घालून तो लेबलवर ठळक सांगणे आपल्याला परवडू शकते, आणि गावातल्या कारखान्याचे खरे बळ त्यातच आहे.

यंत्रांच्या यादीत ज्यांना शेवटी जागा मिळते त्या पाणी, वाफ आणि वीज या तीन गोष्टींमुळे मी सर्वांत जास्त हंगाम वाया गेलेले पाहिले आहेत. आपल्या भागातील अनेक बोअरचे पाणी जड आहे. ते तसेच बॉयलरमध्ये गेले तर नळ्यांवर क्षारांचा थर चढतो, इंधन वाढते आणि शेवटी नळी फाटते. त्याच पाण्यात कॉस्टिक मिसळले तर यंत्र धुतले जाण्याऐवजी त्याच्यावर पांढरा थर बसतो. जागा ठरवण्याआधी बोअरचे पाणी तपासून घ्यावे आणि पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर यंत्रांच्या पहिल्या यादीतच धरावा. रस काढायला जेवढे पाणी लागते त्याच्या कित्येक पट फळे, बाटल्या आणि यंत्रे धुवायला लागते. ताशी २०० लिटर रस तापवायला फक्त २५ ते ३० किलो वाफ पुरते, पण साखरेचा पाक, बाटल्या निर्जंतुक करणे आणि सफाई हे सगळे एकाच वेळी चालू झाले की हा आकडा कुठल्या कुठे जातो. ताशी २०० किलोचा बॉयलर त्यासाठी योग्य होईल. वीज गेली तरी पाश्चरायझरमधला रस जळू नये म्हणून किमान पंप आणि नियंत्रण चालवणारे जनरेटर हवेच.

बाटलीच्या बाबतीत एकच सूचना: गरम रस भरायचा तर साधी पेट (प्लास्टिकची) बाटली ८५ अंशांना आकसते, म्हणून काच किंवा खास गरम भरणीची पेट घ्यावी.

उरलेल्या नऊ महिन्यांचे काय, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण कर्जाचा हप्ता बाराही महिने येतो. नोगा हे नाव आपल्या घरात लहानपणापासून असेल. ते नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशनवरून आले, संत्रा उत्पादकांच्या संघटनेचे नाव. आणि तरीही लोकांना नोगा आठवते ते टोमॅटो केचप, जॅम आणि स्क्वॅशमुळे. एकट्या संत्र्यावर प्रक्रिया कारखाना वर्षभर तगणे कठीण असते, हे या जिल्ह्याला फार आधी कळलेले आहे. म्हणून यंत्रे निवडताना जी दोन-तीन फळांना चालतील तीच घ्यावीत. पल्परची, म्हणजे गर काढणाऱ्या यंत्राची, जाळी बदलून टोमॅटो, आंबा, जांभूळ होतात. पाकाची कढई आवळ्याला चालते. लिंबू उन्हाळ्यात चढ्या दराला विकले जाते, पण पावसाळ्यात स्वस्त मिळते तेव्हा त्याचा रस काढून ठेवता येतो. सीताफळाचा गर मात्र या लाइनवर घेऊ नये. तो तापवला की कडू होतो, त्याला थेट गोठवावेच लागते आणि त्यासाठी उणे १८ अंशांची स्वतंत्र खोली लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा अशा खोलीचा कंडेन्सर अक्षरशः धापा टाकतो. शीतकरणाची क्षमता पुण्या-नाशिकच्या हवामानाच्या हिशेबाने काढलेली असेल तर ती इथे अपुरी पडते, हे कुठलेही कोल्ड रूम घेताना ध्यानात असू द्यावे.

१ टन फळामागे सुमारे ६०० किलो साल, चोथा आणि बिया रोज निघतील. साल ताजी असताना गुरे खातात, पण अडीच टनांच्या कामाची साल रोज खाणारी गुरे गावात नसतात, आणि ती बायोगॅसमध्ये टाकली तर सालीतले तेल तिथल्या जिवाणूंनाच मारते. साल उन्हात वाळवून विकण्यासाठी सिमेंटचे मोकळे अंगण ठेवावे. सांडपाण्यात साखर असल्याने ते नाल्यात सोडले की दुर्गंधी येते आणि गावाशी वैर होते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेतानाच त्याच्या टाक्यांची जागा आराखड्यात दाखवावी.

अनुदानाविषयी: सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के आणि कमाल १० लाख रुपये कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवलेले होते. ही योजना चालू आहे का आणि यंदाच्या अटी काय, हे जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे. अनुदान मोठे मिळावे म्हणून यंत्र मोठे घेण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. वरची रक्कम कर्जच असते.

आता आपण काय करावे हे सांगते. येत्या आंबिया बहारात यंत्र घेण्याआधी आपल्याच बागेतल्या चुरीचे एक-एक कॅरेट तीन वेळा तोडावे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मध्याला आणि डिसेंबरच्या मध्याला. सोललेल्या फोडींचा रस हाताच्या यंत्रावर, बिया न चिरता काढावा. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स पाहावे, पीएच मोजावा, सोलायला माणशी किती वेळ लागला तो लिहून ठेवावा. मग त्यातला थोडा रस ९२ अंशांपर्यंत तापवून गरम असतानाच काचेच्या बाटलीत बंद करावा आणि थंड झाल्यावर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने घरातल्या वेगवेगळ्या माणसांना, काय आहे ते न सांगता, चाखायला द्यावा. आठवड्यानंतरही जी तोडणी कडू लागणार नाही ती तारीख आपल्या कारखान्याच्या हंगामाची पहिली तारीख आहे. तिथून मार्चअखेरपर्यंतचे दिवस मोजावेत, आणि मग नागपुरात अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत आणि विक्रेत्याकडे हे आकडे घेऊन जावे. त्या वेळी नवे कोटेशन मागताना क्षमतेच्या रकान्यात काय लिहायचे ते आपणच त्याला सांगू शकाल.